जिप्समच्या भिंतीला भोक पडलंय, टेक्स्चर कसं जुळवायचं? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आमच्या कारेलीबागेतल्या घरात हॉल आणि बेडरूमच्या मधे जिप्सम बोर्डाची भिंत आहे. परवा वाऱ्याने दार आपटलं आणि दाराची मूठ थेट भिंतीत घुसली. तळहाताएवढं भोक पडलंय, कडेचा कागद फाटून लोंबतोय.

भोक बुजवायचं कसं ते कळलंय: चौकोनी कापायचं, आतून प्लायच्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, त्यावर 12.5 मिमीचा तुकडा, सांध्यावर जाळीची टेप आणि जॉइंट कंपाउंड (सांधे बुजवायचा लेप). अडलंय ते पुढे. भिंतीवर रोलरने उठवलेले दाणे आहेत, टोकं पट्टीने किंचित दाबलेली. दिवसा जाणवत नाहीत, पण बाजूची ट्यूबलाइट लावली की दाण्यादाण्याची सावली पडते. तिथे सपाट चौकोन लगेच डोळ्यांत येईल.

रंगारी म्हणतो, अख्खी भिंत घासून प्लेन करू. सासऱ्यांनी स्वतः उभं राहून हे काम करून घेतलं होतं, आणि आमचा गणपती याच भिंतीशी बसतो. मला ती घासायची नाहीये. तेवढ्याच भागाला दाणे उठवता येतात का? या दमट हवेत कंपाउंड वाळेल का?

प्रतिसाद:
ताई, घासू अजिबात देऊ नका, नक्की जमतं. कापण्याआधी आत वायरचा पाइप नाही ना, ते बघा. लोंबता कागद कापून टाका आणि उघड्या तपकिरी कागदाला आधी प्रायमर मारा, नाहीतर फुगे येतात. पावसाळ्यात पाणी घालून कालवायची, आपोआप घट्ट होणारी कंपाउंड पावडर घ्या. ती हवेने वाळायची वाट बघत नाही. शेवटचा हात मात्र डब्यातल्या तयार, कालवलेल्या कंपाउंडचा द्या, तो घासायला सोपा.

दाण्यांसाठी कंपाउंड श्रीखंडापेक्षा थोडं सैल करा. आधी बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यावर रोलर फिरवून बघा आणि तो तुकडा त्याच ट्यूबलाइटखाली भिंतीला लावून ताडून पाहा. ओली चकाकी गेली की मगच पट्टी फिरवायची, घाई केली तर दाणे पसरतात. नवे दाणे चौकोनाच्या रेघेवर थांबवू नका, जुन्यांत थोडे मिसळू द्या. मग प्रायमर, कारण कोरं कंपाउंड रंग जास्त पितं आणि ठिगळ मंद दिसतं. रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! बोर्डाचा तुकडा माळ्यावर आहे, आजच करून बघते. ती पावडर रावपुऱ्याकडे सुटी मिळेल का, की अख्खी गोणीच घ्यावी लागते?