मदत हवी आहे: दादाला शारजाला परत जायचंय, एजंटच्या भरवशावर राहावं का?

शिरोलीकर, १२ जुलै २०२१

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा, एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. प्रश्न माझा नाही, थोरल्या भावाचा आहे, पण तो असलं काही टाईप करत बसणारा माणूस नाही म्हणून मीच लिहितोय. जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

दादा नऊ वर्षं झाली शारजात एसी मेकॅनिक आहे. बाबांचं वर्षश्राद्ध होतं म्हणून २० फेब्रुवारीला आला, मेच्या पहिल्या आठवड्यात परतीचं तिकीट होतं. तेवढ्यात २५ एप्रिलपासनं यूएईनं कोरोनामुळं भारतातनं येणारी माणसं बंद केली, आधी दहाच दिवस म्हणाले आणि मग वाढवत वाढवत आज अडीच महिने झाले. मधी जूनमधे दुबईनं जाहीर केलं की २३ तारखेपासनं लस घेतलेल्या रेसिडेंट लोकांना घेणार, म्हटलं शारजा नाही तर दुबई, उतरू तर दे, लगेच तिकीट काढलं, ते विमान पण उडालंच नाही. विमान कंपनी म्हणते पैसे क्रेडिटमधे ठेवलेत, पुढच्या प्रवासाला वापरा. आता पुढचा प्रवास कुठला, जोतिबाचा?

खरी अडचण अशी की व्हिसाचा नियम आहे, सलग १८० दिवस बाहेर राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जाते. मी कॅलेंडरवर खुणा करून मोजलेत, १९ ऑगस्टला १८० भरतात. कंपनीचा सुपरवायझर चांगला आहे पण तो पण आता फोनवर म्हणालाय की आणखी किती दिवस जागा धरू.

तर मामांच्या ओळखीचा शाहूपुरीत एक एजंट आहे. तो म्हणतो यूएईची अट एवढीच आहे की मागच्या १४ दिवसात माणूस भारतात नको, मग आर्मेनियात १४ दिवस हॉटेलात राहायचं आणि तिथनं शारजा. सगळं मिळून १ लाख ६५ हजार. असं बरीच माणसं जात आहेत हे खरं आहे, दादाच्या रूमवरचा केरळचा एकजण तसाच गेलाय. पण ह्या एजंटच्या तीन गोष्टी मला खटकालेत. एक तर त्यानं २० हजार ॲडव्हान्स घेतला त्याची पावती म्हणजे वहीचं पान, शिक्का नाही काही नाही. दुसरं, दादाचा ओरिजिनल पासपोर्ट त्यानं ड्रॉवरमधे ठेवून घेतलाय, व्हिसाच्या कामाला लागतो म्हणून. आणि तिसरं म्हणजे आरटीपीसीआरचं विचारलं तर हसत म्हणतोय, स्वॅब बिब काय द्यायला लागत नाही, आधार व्हॉट्सॲप करा, निगेटिव्ह रिपोर्ट घरपोच.

अजून एक, दादानं तिकडंच जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीच्या कॅम्पमधे कोरोनावरच्या सायनोफार्म लसीचे दोन्ही डोस घेतलेत. एजंट म्हणतो चायनीज लस चालत नाही, इथं परत कोव्हिशिल्ड घ्या. घ्यावी का? वहिनी पाटल्या गहाण टाकायला तयार बसल्यात आणि आई मला विचारालीय तू शिकलेला, तू सांग. मला काय कळतंय. कुणी ह्यातनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

कागलकर

बाकी सगळं नंतर, उद्या सकाळी उठून पासपोर्ट घेऊन या. ई-व्हिसाला स्कॅन कॉपी लागते, पुस्तक लागत नाही. आणि पासपोर्ट हा आपला पण नसतो, १९६७ च्या पासपोर्ट ॲक्टप्रमाणे ती केंद्र सरकारची मालमत्ता आहे, कुणा एजंटला पैशाच्या वसुलीसाठी अडकवून ठेवायचा हक्क नाही. दिला नाही तर थेट पोलिस स्टेशन म्हणायचं, नुसतं म्हटलं तरी ड्रॉवर उघडतोय बघा.

तिखट_मिसळ

आर्मेनिया नकाशात कुठं आहे एवढं दाखव म्हणावं त्याला.

वाट_चुकलेला

हसू नका राव, आमच्या घरात झालंय हे. माझा मावसभाऊ सौदीला निघालेला. सौदीनं फेब्रुवारीतच भारताला बंद केलं होतं, म्हणून एप्रिलमधे नेपाळमार्गे गेला, काठमांडूत १४ दिवस काढायचे आणि पुढं जायचं. दहा दिवस झाले आणि एप्रिलच्या शेवटी नेपाळनं फर्मान काढलं की आमच्याकडनं तिसऱ्या देशात जाता येणार नाही. मे महिन्यात तर त्यांची विमानंच बंद. हॉटेलवाला रोज भाड्याला दारात आणि एजंटचा फोन स्विच ऑफ. शेवटी सोनौली बॉर्डरनं बसनं परत आला, दीड लाख गेले ते गेलेच. तेव्हा बरेच लोक मालदीवला वळले तर १३ मेपासनं मालदीवनं पण आपल्याकडची माणसं बंद केली. आज चालू असलेला देश १४ दिवसांनी चालू असेल ह्याची ग्यारंटी एजंट सोडा, त्या देशाचा मंत्री पण देऊ शकत नाही. जायचंच असेल तर परतीच्या तिकिटाचे आणि अजून पंधरा दिवस राहायचे पैसे खिशात वेगळे ठेवून जायचं, नाहीतर नाही.

गडहिंग्लजची_माहेरवाशीण

मी अबूधाबीत असते, ११ वर्षं. शिरोलीकर दादा, कोव्हिशिल्डच्या भानगडीत अजिबात पडू नका. सायनोफार्म यूएईनं स्वतःच डिसेंबर २०२० मधे मंजूर केलीय, इथं निम्म्या लोकांनी तीच घेतलीय, आम्ही दोघांनी पण. डब्ल्यूएचओनं पण ७ मेला मान्यता दिलीय. इथं घेतलेली लस इथल्या सिस्टिममधे दिसते, 'अल होस्न' नावाचं ॲप आहे त्यात. उलट भावाकडं तेच मोठं हत्यार आहे, उद्या बंदी उठवली तर पहिल्यांदा इथंच लस घेतलेल्यांना सोडतील असं आमच्याकडं सगळे बोलतात. आणि आता कोव्हिशिल्ड घेऊन करणार काय, दोन डोसमधे १२ ते १६ आठवड्यांचं अंतर केलंय तिथं, तुमची १९ ऑगस्ट तोवर निघून जाईल.

ॲपमधे लॉगिन करून स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. ओटीपी इथल्या नंबरवर येतो, ते सिम कुठंय?

आणि शारजाचा व्हिसा असेल तर प्रवासाआधी आयसीएचं (यूएईचं ओळखपत्र-नागरिकत्वाचं खातं) अप्रूव्हल लागतं, दुबईच्या व्हिसावाल्यांना जीडीआरएफएचं (दुबईचं रेसिडेन्सी खातं). ते अर्ज स्वतः करायचे, एजंटला करू देऊ नका. माझ्या नणंदेला व्हॉट्सॲपवर लिंक आली होती, वर बहिरी ससाण्याचं चिन्ह, दिसायला हुबेहूब, आणि खाली कार्डचा नंबर आणि सीव्हीव्ही मागत होतं. सरकारी साईटचा पत्ता 'जीओव्ही डॉट एई' नं संपतो, तेवढं बघायचं. पासपोर्टचा फोटो पण असाच कुणालाही पाठवू नका, त्यावर दुसऱ्याच माणसाचं सिमकार्ड निघतं.

कागलकर

खोट्या रिपोर्टचं राहिलंच. यूएईच्या विमानाला क्यूआर कोड असलेला रिपोर्ट लागतो आणि काउंटरवर तो स्कॅन करून बघतात, लॅबच्या साईटवर निघाला नाही की तिथनंच परत. वर बनावट कागदपत्राची केस झाली तर पासपोर्टवर किती वर्षं बोंब होईल विचार करा. एजंटचं नाव त्या रिपोर्टवर नसतंय, तुमच्या दादाचं असतंय.

बाय द वे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटांची यादी असते, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन असल्याशिवाय परदेशात नोकरीला पाठवता येत नाही आणि त्यांना पण ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. तुमच्या दादाची नोकरी आधीपासनं आहे, त्यामुळं हा माणूस निव्वळ तिकीटवाला ठरतोय, पण यादीत आहे का बघायला काय जातंय.

इंजिनिअर_होणार

धागा हायजॅक करतोय सॉरी. मी राजारामपुरीत, सप्टेंबरला मास्टर्सला कॅनडा. कोव्हिशिल्डचा पहिला डोस जूनमधे झालाय, दुसरा लवकर मिळंल का? आणि २२ एप्रिलपासनं कॅनडाची थेट विमानं बंद आहेत, मग जायचं कसं?

कागलकर

मिळेल. ७ जूनच्या केंद्राच्या पत्रकात शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिम्पिकवाल्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस आहे, ३१ ऑगस्टपर्यंत जाणाऱ्यांना. तुझी तारीख सप्टेंबरची आहे तर तिकीट आणि ॲडमिशनचं पत्र घेऊन महापालिकेत प्रत्यक्ष भेट. सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर कोविनमधनं जोडून घे, स्पेलिंग पासपोर्टसारखंच पाहिजे. कॅनडाला तिसऱ्या देशातनं जायचं तर टेस्ट पण त्या तिसऱ्या देशातली लागते, भारतातली चालत नाही. बाकीचं वेगळा धागा काढ बाबा.

शिरोलीकर, २० जुलै

पासपोर्ट मिळाला! तीन चकरा मारायला लागल्या. पहिल्यांदा "साहेब नाहीत", दुसऱ्यांदा "एम्बसीत पाठवलाय", तिसऱ्यांदा मी मामांनाच घेऊन गेलो तर एम्बसीत पाठवलेला पासपोर्ट त्याच ड्रॉवरमधनं निघाला, रबरबँड लावलेला, खाली अजून सात-आठ जणांचे. ॲडव्हान्स मात्र "प्रोसेसिंगमधे गेला" म्हणतोय.

ताई, सिम सापडलं. वहिनींनी देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं, हरवायला नको म्हणून. पुसून पुसून फोनमधे घातलं, रूमवरच्या दोस्तानं तिकडनं रिचार्ज मारला, दोन दिवसांनी रोमिंग चालू झालं आणि ओटीपी आला. ॲपमधे दोन्ही डोस तारखेसकट दिसतात.

शिरोलीकर, २७ जुलै

उशीर झाला, नेट नव्हतं. बातम्यात बघितलंच असेल, पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी केव्हाच ओलांडली होती, आमच्या इथं हायवे पाण्याखाली गेला, गावातनं बाहेर पडायला वाट नव्हती. ट्रकवाले रस्त्यावरच लाईन लावून बसलेले, आम्ही पोरांनी भाकरी-पिठलं वाटलं. घरात सगळे ठीक.

आज शाहूपुरीत जाऊन आलो. त्या एजंटच्या दुकानात पाणी शिरलं होतं, अजून चिखल काढालेत. फूटपाथवर खुर्च्या आणि तेच टेबल वाळत घातलंय, ड्रॉवर बाजूला काढून. त्या सात-आठ जणांचं काय झालं विचारायचं धाडस झालं नाही.

गडहिंग्लजची_माहेरवाशीण, ३ ऑगस्ट

शिरोलीकर जागे आहात का! आत्ताच जाहीर झालं, ५ ऑगस्टपासनं व्हॅलिड रेसिडेन्सी असलेले आणि इथंच दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेले भारतातनं थेट येऊ शकतात. भाऊ बसतोय त्यात. आज रात्रीच आयसीएचा अर्ज भरा, पुढं गर्दी होईल.

टेस्ट ४८ तासातली लागते आणि ते ४८ तास स्वॅब दिल्यापासनं मोजतात, रिपोर्ट आल्यापासनं नाही. शिवाय विमानतळावर उड्डाणाच्या काही तास आधी रॅपिड पीसीआर, ती पॉझिटिव्ह आली की तिकीट गेलं.

कागलकर

म्हणजे कोल्हापुरात स्वॅब देऊन रिपोर्टची वाट बघत बसू नका, एक दिवस रिपोर्टला आणि रात्र मुंबईच्या गाडीत, विमान दोन तास लेट झालं की गणित बोंबललं. आदल्या दिवशी मुंबईला जा, तिथं लॅबला आधी विचारा क्यूआर येतो का, मग स्वॅब द्या.

शिरोलीकर, १५ ऑगस्ट

दादा पोचला. काल पहाटेचं विमान होतं, मी विमानतळापर्यंत गेलो होतो पण आत सोडत नाहीत, बाहेर कठड्यावर बसून राहिलो. रॅपिड टेस्टच्या रांगेतनं दर दहा मिनिटांनी मेसेज, "अजून नाही", "अजून नाही", मग नुसता अंगठा. तिकडं उतरल्यावर परत टेस्ट झाली, ती पण निगेटिव्ह. १८० दिवसांना पाच दिवस बाकी होते. पाटल्या वहिनींच्या हातातच आहेत, तिकिटाला मी सोसायटीतनं उचल घेतली.

माहेरवाशीण ताई, दादाकडं तुमच्यासाठी आईनं कांदा-लसूण मसाला दिलाय अर्धा किलो, शारजा ते अबूधाबी पोचवायचं तुम्ही दोघं बघा, मेसेजमधे नंबर पाठवतो.

आता ते २० हजार. पावती म्हणजे ते वहीचं पान आणि व्हॉट्सॲपवरचं त्याचं "रक्कम मिळाली" एवढंच आहे माझ्याकडं. ग्राहक मंचात चालतंय का हे? कागलकर, तुम्हाला माहीत असेल तर इथंच सांगा, नाहीतर वेगळा धागा काढतो.