पावसाळ्यातली ऑनलाइन परीक्षा: उत्तरं गायब होतात, पेपर आपोआप जमा होतो, पीडीएफ चढत नाही

खाडीपलीकडे

जुलैअखेर अंतर्गत परीक्षा घ्यायची आहे. कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरवर मूडल (ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवायची प्रणाली) आहे. विद्यार्थी ६४, बहुतेक गुहागर-दाभोळ पट्ट्यातल्या वाड्यांमधले, जवळजवळ सगळे अँड्रॉइड फोनवर. पेपरचे दोन भाग आहेत. पहिला ३० बहुपर्यायी प्रश्नांचा: वेळ ६० मिनिटं, १० वाजता उघडतो, ११ ला बंद, सगळे प्रश्न एकाच पानावर. दुसरा हाताने लिहून फोटोंची पीडीएफ चढवायची, साधारण १२ पानं.

सराव चाचणीत चार गोष्टी झाल्या. काहींचा पेपर वेळ शिल्लक असताना आपोआप जमा झाला. काहींची शेवटची पाच-सहा उत्तरं कोरी आली. पीडीएफ अर्धीअधिक चढून अडकते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. आणि तीन मुलांनी "सर, मी टाकलंय" असं ठामपणे सांगितलं, पण आमच्याकडे काहीच जमा दिसत नाही.

मुलांचं नेटवर्क माझ्या हातात नाही, हे कळतं. पण सेटिंगमध्ये किंवा मुलांना द्यायच्या सूचनांमध्ये नेमकं काय बदलावं? सर्व्हर सांभाळणारा माणूस आठवड्यातून दोनदाच येतो, तेव्हा त्याला काय सांगायचं तेही लिहा.

---

मूडल_चिपळूण

सर, चारपैकी तीन गोष्टी सेटिंगच्या आहेत, नेटवर्कच्या नाहीत. एक एक घेतो.

वेळ शिल्लक असताना पेपर जमा होण्याचं कारण तुमच्या १० ते ११ मध्येच आहे. वेळमर्यादा ६० मिनिटं आणि पेपर खुला राहण्याची खिडकीही ६० मिनिटांची ठेवली की १० वाजून १२ मिनिटांनी सुरू करणाऱ्याला ४८ मिनिटंच मिळतात. बंद होण्याची वेळ आणि मर्यादा, यांतलं जे आधी येईल तेव्हा मूडल पेपर थांबवतं. मुलाच्या डोक्यात मात्र ६० मिनिटं पक्की असतात. मर्यादा ६० च ठेवा, बंद होण्याची वेळ ११.४५ करा. म्हणजे रेंज येईपर्यंत थांबून कोणी १०.४० ला बसला तरी त्याला पूर्ण तास मिळतो. दुसरा फायदा असा की ६४ जण एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. प्रश्न फुटतील ही भीती असेल तर प्रश्नपेढीत ९० प्रश्न घालून त्यातले ३० यादृच्छिक द्या.

कोऱ्या उत्तरांचं कारण एकच पान. मूडल दोन प्रकारे उत्तरं जपतं. "पुढचं पान" दाबलं की त्या पानावरची सगळी उत्तरं लगेच सर्व्हरवर जातात, आणि पान उघडं असताना दर मिनिटाला आपोआप जतन होतं, जर सर्व्हरवर ते कोणी बंद केलं नसेल तर. एकाच पानावर ३० प्रश्न असले की पहिला मार्ग शेवटपर्यंत येतच नाही आणि सगळा भार दुसऱ्यावर पडतो. नेमकी त्या वेळी रेंज गेली असेल तर मधली उत्तरं फोनच्या पडद्यावरच राहतात. पान पाच प्रश्नांचं करा, म्हणजे सहा पानं. एकेका प्रश्नाचं पान नको, कमकुवत जोडणीवर ३० वेळा पान उघडत बसणं मुलांना जड जातं. प्रश्नात आकृत्या असतील तर प्रत्येक चित्र १०० केबीच्या आत आणा.

जोडणी तुटली आणि आपोआप जतन करणं फसलं की मूडल पानाच्या वर इंग्रजीत इशारा दाखवतं: नेटवर्क तुटलं आहे, या पानावरची गेल्या काही मिनिटांतली उत्तरं टिपून ठेवा. पोरं घाबरून तिथेच पान रिफ्रेश करतात, आणि उत्तरं जातात ती तिथे. तो इशारा दिसला की काही दाबायचं नाही. उत्तरं कागदावर लिहायची, फोन रेंजमध्ये न्यायचा, थांबायचं. जोडणी आली की जतन होतं आणि इशारा आपण होऊन जातो. या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट सूचनापत्रात मोठा छापा आणि खाली मराठीत अर्थ लिहा.

वेळ संपल्यावर काय व्हावं या सेटिंगमध्ये "उघडे पेपर आपोआप जमा व्हावेत" हेच ठेवा. सवलतीचा काळ देणारा जो पर्याय आहे त्याने अनेक शिक्षक फसतात. त्या काळात फक्त जमा करता येतं, नवीन उत्तर देता येत नाही. जादा वेळ द्यायचा असेल तर त्या विद्यार्थ्यापुरता ओव्हरराइड (त्याच्यासाठी वेगळी वेळ लावणारी सेटिंग) टाका. मात्र पेपर चालू असतानाच टाका, जमा झाल्यावर टाकून उपयोग नाही. मग नवा प्रयत्नच द्यावा लागतो. म्हणून परीक्षेच्या वेळी एक जण फोनवर आणि एक जण ओव्हरराइडच्या पानावर, अशी दोन माणसं बसवा.

आता त्या तीन मुलांचं. असाइनमेंटमध्ये (मूडलमधली फाइल जमा करायची जागा) "सबमिट बटण दाबणं आवश्यक" चालू असेल तर फाइल चढवून "सेव्ह" केल्यावर ती मसुदा म्हणून राहते. स्थितीत "ड्राफ्ट (नॉट सबमिटेड)" दिसतं. मुलाच्या दृष्टीने काम झालेलं असतं, तुमच्या जमा यादीत मात्र काही नसतं. तो पर्याय बंद करा. त्या तिघांचे मसुदे बहुधा अजून तिथेच आहेत, ग्रेडिंगच्या तक्त्यात सगळे विद्यार्थी दाखवून बघा.

आणखी एक सापळा: मुदतीची वेळ ००:०० ठेवू नका. "३० जुलै ००:००" म्हणजे २९ च्या रात्री बारा वाजता मुदत संपली. मुलं ३० ला दिवसभर निवांत असतात. २३:५५ लिहा. मुदत आणि कट-ऑफ वेगळे ठेवा. मुदतीनंतर फाइलवर फक्त "उशिरा" असा शेरा लागतो, दार बंद होतं ते कट-ऑफला. मध्ये किमान दोन तास सोडा.

---

सर्व्हरघर

वरच्यांनी सेटिंगचं नीट लिहिलंय. सर्व्हरवाल्याला सांगायचं ते असं.

फाइलच्या आकाराची मर्यादा एका जागी नसते. पीएचपी (मूडल ज्यावर चालतं ती सर्व्हरवरची भाषा), पूर्ण साइट, कोर्स आणि असाइनमेंट अशा चार जागी असते, आणि सगळ्यात लहान असेल तीच लागू होते. पीएचपीत अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ मुळात २ एमबी आणि पोस्ट_मॅक्स_साइझ ८ एमबी असतं. एनजिनेक्स (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) पुढे असेल तर त्याचं क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ मुळात १ एमबीच असतं, आणि ते ओलांडलं की ४१३ चूक येते. शिक्षकाने असाइनमेंटमध्ये २० एमबी निवडायला गेलं आणि यादीत तो आकडाच नसला, तर समजायचं की वरच्या कुठल्या तरी जागी कमी आहे. या सगळ्या ठिकाणी २५ एमबी करून घ्या, त्यातही पोस्टचा आकडा अपलोडपेक्षा थोडा मोठा.

क्रॉन (सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला चालतो आहे का ते बघायला सांगा. विद्यार्थ्याचा फोन बंद पडला असेल तर वेळ संपल्यावर त्याचा पेपर जमा करण्याचं काम क्रॉनचं आहे. तो थांबला असेल तर पेपर तासन्‌तास "चालू" दिसत राहतो.

साइटचा वेळपट्टा आशिया/कोलकाता हवा. सर्व्हर यूटीसी, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर लावलेला असेल तर साडेपाच तासांचा घोळ होतो. विद्यार्थ्याच्या प्रोफाइलमध्येही वेगळा वेळपट्टा असू शकतो, तो बदलता येणार नाही असा कुलूपबंद करा.

मुलाचं लॉगिन एकाच आयपीशी (फोनचा इंटरनेटवरचा पत्ता) बांधणारी सेटिंग कोकणात बंदच हवी. वायफाय जाऊन फोन मोबाइल डेटावर गेला की आयपी बदलतो आणि मुलगा मधूनच बाहेर फेकला जातो. सेफ एक्झाम ब्राउझर (पेपर चालू असताना बाकीचं सगळं बंद ठेवणारा ब्राउझर) सक्तीचा करायचा विचार असेल तर सोडून द्या. तो विंडोज, मॅक आणि आयफोन-आयपॅडवर चालतो, अँड्रॉइडवर नाही. तुमच्या बहुतेक मुलांना पेपर उघडताच येणार नाही.

---

सड्यावरचा_टॉवर

नेटवर्कच्या बाजूने लिहितो, कारण "चार कांड्या आहेत तरी जात नाही" ही तक्रार खरी असते आणि शिक्षकांना ती सबब वाटते.

पहिलं म्हणजे फोन बोलतो ०.२ वॅटवर. टॉवर त्याच्या कितीतरी पट ताकदीने बोलतो. त्यामुळे वाडीत बसून व्हिडिओ नीट दिसतो आणि पीडीएफ वर जात नाही, यात खोटं काही नसतं. खाली येणारी वाट चालू असते, वर जाणारी आधी तुटते. स्पीड तपासताना मुलांनी अपलोडचाच आकडा बघायचा.

दुसरं, मोबाइलच्या लहरींना पाऊस स्वतः फारसा अडवत नाही. अडवतात त्या जांभ्याच्या जाड भिंती, डोंगराचा आडोसा आणि ओली झाडी. पण पुष्कळ टॉवर एकमेकांशी मायक्रोवेव्ह डिशने जोडलेले असतात आणि त्या जास्त वारंवारतेला मुसळधार पाऊस खातो. तेव्हा फोनवर कांड्या पूर्ण असतात आणि डेटा शून्य. अशा वेळी त्याच कंपनीची रेंज शोधत फिरण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचा हॉटस्पॉट कामाला येतो. मात्र दोन्ही कंपन्या एकच टॉवर वापरत नाहीत ना, ते आधी एका पावसाळी दिवशी तपासून ठेवावं.

जागा ठरवताना कांड्या मोजू नका. सेटिंगमध्ये "फोनविषयी", मग "सिमची स्थिती" उघडली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे १०५ पर्यंत काम होतं, उणे ११५ च्या खाली गेलं की अपलोडची आशा सोडा. घरात हा आकडा घेऊन फिरलं की माजघर आणि पडवी यांत सहज १५-२० चा फरक सापडतो. पडवीत, टॉवरच्या बाजूच्या खांबाजवळ, तीन फूट उंचीवर दुसरा फोन ठेवून हॉटस्पॉट करा आणि पेपर आत बसून द्या.

दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचा डेटा थांबतो. परीक्षेपुरतं दुसरं सिम बंद करा. फोटोंचं आपोआप बॅकअपही बंद करा. उत्तरपत्रिकेचे फोटो काढले की तेच फोटो मागच्या बाजूने वर जाऊ लागतात आणि पीडीएफची वाट अडवतात.

एक कळकळीची विनंती. मुलं रेंजसाठी सड्यावर जातात. उघडा कातळ, हातात छत्री आणि वर गडगडाट, अशा स्थितीत तिथे कोणी थांबू नये. विजा असतील त्या दिवशी पेपर पुढे ढकलला जाईल, हे सूचनापत्रात पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे पोर गुणांच्या भीतीने तिथे उभं राहणार नाही.

---

खाडीपलीकडे

फार मदत झाली. ते तीन मसुदे सापडले, तिघांचंही काम पूर्ण होतं. मसुद्याचा पर्याय बंद केला.

आता पीडीएफचं. मुलं ब्राउझरमध्येच "फाइल निवडा" दाबून तिथूनच कॅमेरा उघडतात. आणि लाइट गेल्यावर राउटरचं काय?

---

कुडाळ_मोबाइल

कॅमेरा तिथून उघडणं हेच मूळ दुखणं आहे. २-३ जीबी रॅमच्या फोनमध्ये कॅमेरा उघडला की सिस्टिम ब्राउझरला मेमरीतून काढून टाकते. परत आल्यावर पान नव्याने उघडतं आणि निवडलेली फाइल गेलेली असते. क्रम उलटा करा: आधी स्कॅन, मग पीडीएफ, मग ब्राउझर.

आकाराचा हिशोब बघा. कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण ४ एमबी, १२ पानं म्हणजे ४८ एमबी. अपलोड १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा भाग) मिळालं तरी साडेसहा मिनिटं लागतात, अर्धं मिळालं तर तेरा. मूडलमध्ये मध्ये तुटलं की पहिल्यापासून. तीच पानं स्कॅनरच्या ॲपमध्ये काळ्या-पांढऱ्या फिल्टरने घेतली तर एक पान १५०-२०० केबी होतं आणि सगळी पीडीएफ सव्वादोन एमबीच्या आसपास बसते. १ एमबीपीएसवर वीस सेकंदांत काम होतं. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येही स्कॅनची सोय आहे, वेगळं काही उतरवायला नको. मुलांना निळं किंवा काळं बॉलपेन वापरायला सांगा, पेन्सिल या फिल्टरमध्ये उडते. पावसाळी अंधारात ट्यूबलाइटखाली फोनची सावली पानावर पडते आणि तिथे काळा डाग येतो. दारात, उजेडाकडे तोंड करून पान सपाट ठेवलं की अक्षर स्वच्छ येतं.

असाइनमेंटमध्ये फाइलींची संख्या १ वरून ४ करा. तीन-तीन पानांच्या चार पीडीएफ घेतल्या तर एखादी तुटली तरी तेवढीच पुन्हा चढवायची. आयफोनवाली मुलं थेट फोटो देत असतील तर तो पीडीएफ नसून हाइक किंवा जेपीजी या फोटोच्या प्रकारात येतो आणि "फक्त पीडीएफ" असलेलं असाइनमेंट तो नाकारतं.

राउटरला मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) बसवा. अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आधी वाचा, बहुतेक १२ व्होल्ट, काही ९. फायबर असेल तर त्याची तार जोडलेला पांढरा डबा आणि राउटर वेगळे असू शकतात, मग दोन आउटपुटचा घ्या. ८,८०० एमएएचचा मिनी यूपीएस म्हणजे ३२ वॉट-तासांच्या आसपास. ८ वॉटचा डबा त्यावर तीन तास तरी चालतो. नुसत्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवला तर बदलाच्या क्षणी काही राउटर पुन्हा सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटं जातात.

---

मूडल_चिपळूण

एकच राहिलं. "रेंज गेली होती" असं सांगणाऱ्या मुलाला जादा वेळ द्यायचा की नाही, हे चेहऱ्यावरून ठरवू नका. त्याच्या पेपरमध्ये प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराचा इतिहास दिसतो: कोणतं उत्तर कधी जतन झालं, मिनिट-सेकंदांसह. शिवाय कोर्सच्या अहवालांत लॉग आहे, त्यात त्याचं नाव निवडलं की पानं कधी उघडली आणि कोणत्या आयपीवरून ते कळतं. १०.२१ ला जतन, मग १०.३८ पर्यंत काहीच नाही आणि नंतर वेगळा आयपी, असं दिसलं तर पोर खरं बोलतंय. १७ मिनिटं त्याला परत द्या. मुलांना इतकंच सांगा: इशारा दिसला की दुसऱ्या फोनवरून घड्याळासह पडद्याचा फोटो काढा आणि पेपर चालू असतानाच ठरलेल्या नंबरवर एसएमएस करा. डेटा गेला तरी एसएमएस बहुधा जातो.