टेलिमार्कसाठी पहिली स्की कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑस्लोत हा माझा चौथा हिवाळा. साधं अल्पाइन स्कीइंग बऱ्यापैकी जमतं, पण गेल्या मोसमात भाड्याच्या स्कीवर दोन दिवस टेलिमार्क केलं आणि वेडच लागलं. टाच मोकळी, प्रत्येक वळणाला मागचा गुडघा खाली. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना शाळेतल्या उठाबशा आठवल्या!

आता स्वतःचा जोड घ्यायचाय. उंची १७२ सेंमी, वजन ७० किलो. बहुतेक वेळ रिसॉर्टच्या तयार उतारांवरच, पण अधूनमधून स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून डोंगर चढायचीही हौस आहे. दुकानदार १८० सेंमी लांब आणि मधे ९८ मिमी रुंद स्की गळ्यात मारतोय. मला मात्र १७० च्या आसपास, ८५-९० मिमीची बरी वाटते, कारण कडक बर्फावर अरुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन येते. पण ताज्या भुसभुशीत बर्फात ती बुडेल का? आणि मागच्या पायावर वजन नीट पडत नाही तोवर फार ताठ स्की नको, असं ऐकलंय. खरंय का?

खरा घोळ बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीचा. बदकाच्या चोचीसारखं टोक असलेले ७५ मिमीचे जुने बूट स्वस्तात मिळतायत, पण ते एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) या नव्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत. म्हणजे आज बूट घेतले की पुढचं सगळं ठरलंच. नवशिक्याने थेट एनटीएन घ्यावं का? वापरणाऱ्यांनी सांगा, शनिवारी पैसे भरायचेत.