अनुभव धागा: ऐकायला सारखे, अर्थाने वेगळे इंग्रजी शब्द

लालबागच्या रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. दिवसभर राबून आलेली मुलं 'वेट'पाशी हमखास अडतात. ओलं, वजन, थांबणं आणि जनावरांचा डॉक्टर, चारही शब्द आपण 'वेट'च लिहितो. मग त्यांना खालच्या ओठाला हलकं बोट लावायला सांगते. व्हीला वरचे दात ओठावर टेकतात, बोटाला थरथर जाणवते. डब्ल्यूला ओठ नुसते गोल होतात. झाला डॉक्टर वेगळा! 'ओलं'मधला ए तोकडा. वजन आणि थांबणं मात्र उच्चाराने अगदी एकच, तिथे वाक्यच बघावं लागतं. मुलं मठ्ठ नसतात हो, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

तुमच्या कामात, घरात असे शब्द कुठे आडवे आले? जरूर लिहा.

परळची सिस्टर: आमच्याकडे हा प्रश्न औषधाचा असतो. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झिरो' असे आकडे सुटे म्हणतो, लिहून घेतो आणि परत वाचून दाखवतो. दुसरी जोडी हायपो-हायपर. साखर उतरली तर हायपो, चढली तर हायपर. परवा एक ताई धावत आल्या, "बाबांना हायपर झालंय." मी विचारलं, घाम सुटलाय का? हात कापतायत का? दोन्हीला हो म्हणाल्या. लगेच बोटाला सुई टोचून साखर बघितली, चांगलीच उतरली होती. ते शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. नातेवाइकांनो, शब्द आठवला नाही तरी चालेल, काय होतंय ते मराठीत सांगा.

दादरकर: गुंतवणुकीचे फॉर्म भरायला मदत करतो. शेजारचे काका 'डेट फंड' म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे परत देणारा फंड समजून बसले होते. हा डेट कर्जातला, त्यातला बी मुका. पैसे सरकारच्या नि कंपन्यांच्या रोख्यांत जातात आणि परताव्याची हमी नसते. मराठी माहितीपत्रकात सरळ 'रोखे फंड' छापायला काय हरकत आहे? मला याचा खरंच राग येतो.

आई, मुलुंड: आमच्याकडे 'डेझर्ट': वाळवंट आणि जेवणानंतरचं गोड. वाळवंटाला जोर पहिल्या अक्षरावर, गोडाला दुसऱ्यावर. लेकीला एवढं पुरलं.

चाळकरी: 'लूज' कपडे आणि मॅच 'लूज' करणं, यात उच्चाराचा फरक आहे का?

रात्रशाळेच्या बाई: आहे. सैल असेल तर शेवटी स, 'लूस'. हरणं किंवा हरवणं असेल तर शेवटी जहाजातला ज, तोही जरा गुणगुणत. लिहिताना सैलमध्ये दोन ओ, हरण्यात एकच.