जुनी स्कूटी घ्यायची आहे, डिझेल इंजिन विकायचं आहे: ऑनलाइन व्यवहारात काय जपायचं?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. दोन कामं आहेत, जाणकारांनी सांगावं.

बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. सकाळची एसटी कधी येते, कधी नाही, म्हणून तिच्यासाठी जुनी स्कूटी पाहतोय. मोबाइलवर २०२१ चं मॉडेल २२ हजारांत दिसलं. आमच्याकडे तशीच गाडी याच्या दुप्पट भावाने जाते. विकणारा म्हणतो, मी फौजी आहे, पुलगाव कॅम्पला आहे, जम्मूला बदली झाली म्हणून स्वस्तात देतो. वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार, सगळं न मागता पाठवलं. गाडी आर्मीच्या पार्सलने घरपोच येईल, फक्त गेटपासचे २,१५० रुपये आधी टाका म्हणतो.

दुसरं, विहिरीवर विजेचं कनेक्शन आलं, त्यामुळे पाच एचपीचं डिझेल इंजिन काढायचं आहे. जाहिरात टाकली तशी एकाचा फोन आला. इंजिन पाहिलं नाही, भाव कमी करा म्हटलं नाही, लगेच घेतो म्हणाला. क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल म्हणे. बाबा म्हणतात गिऱ्हाईक सोडू नको. मला दोन्हीकडे खटकतंय.

पुलगावकर
दादा, एक रुपयाही टाकू नका. मी इथलाच. आर्मी घरगुती स्कूटी पार्सलने गिऱ्हाइकाच्या दारात पोचवत नाही आणि गेटपासचे पैसे कोणाच्या मोबाइल नंबरवर मागत नाही. फौजीच्या नावाने चाललेली ही फसवणूक देशभर जुनी आहे. पुलगावला दारूगोळा भांडार आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून आपल्या भागात गावाचं नाव तेवढं बदलतात. कार्ड बहुतेक वेळा खऱ्याच जवानाचं असतं, दुसऱ्या कुठल्या तरी व्यवहारात त्याच्याकडून घेतलेलं. म्हणजे ज्याचा फोटो तुमच्याकडे आला, तो बिचाराही यात फसलेलाच. त्याच्या नावाने कुठे पोस्ट टाकू नका, तो फोटो पुढे पाठवूही नका.

त्याला एवढंच म्हणा: "मी यवतमाळवरून येतो, पुलगाव स्टेशनबाहेर गाडी घेऊन या, पाहून रोख देतो." कॅम्पात बाहेरच्याला जाऊ देत नाहीत हे तो सांगेलच, आणि ते खरंही आहे. पण ज्याची गाडी आहे त्याला ती बाहेर आणायला कोण अडवतं?

२,१५० वर तो थांबणार नाही हेही लक्षात घ्या. मग विमा, मग "परत मिळणारं डिपॉझिट", मग गाडी अर्ध्या रस्त्यात अडली म्हणून आणखी. आधी दिलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देत जातो.

मेहकरची_ताई
मी गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. इंजिनच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगते, कारण माझ्या काउंटरवर आठवडी बाजाराच्या दिवशी हाच प्रश्न घेऊन लोक येतात.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅनही करावं लागत नाही. आपला नंबर किंवा आपला क्यूआर समोरच्याला दिला की काम झालं. त्याने पाठवलेला क्यूआर आपण स्कॅन केला की स्क्रीनवर त्याचं नाव येतं, खाली रक्कम येते आणि पिन मागितला जातो. तो पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पुष्कळदा आधी पाच-दहा रुपये खरेच पाठवतात, भरवसा बसावा म्हणून. त्यानंतर मोठा क्यूआर येतो. फोनवर बोलत ठेवून घाई करतात, "साहेब पिन टाका, लगेच जमा होईल." बोलता बोलता बोटं चालतात, वाचायला वेळच मिळत नाही. फोन ठेवून द्या आणि स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा.

दुसरा प्रकार खोट्या मेसेजचा. दीड हजार ठरलेले असताना "१५,००० जमा" असा मेसेज येतो आणि मागोमाग रडवेला फोन: "चुकून जास्त गेले हो, दवाखान्याचे पैसे होते, बाकीचे परत करा." बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून नाही. तरी मेसेजवर जाऊच नका, स्क्रीनशॉटवर तर मुळीच नाही. आपल्या ॲपमध्ये खात्यातली शिल्लक उघडून पाहा. ते जमत नसेल तर जवळच्या केंद्रात या, नोंद पाहून मगच वस्तू द्या.

आणि व्हॉट्सॲपवर "चलान", "गाडीचे कागद" किंवा "पेमेंट पावती" म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असलं, तर उघडू नका. ते ॲप असतं, आपले ओटीपी वाचतं.

बापूराव_काका
पोरा, मी जिंदगीभर बैलं अन् इंजिनं घेतली-विकली. बैलबाजारात दात पाह्यल्याबिगर, चालवून पाह्यल्याबिगर कोनी इसार देते काय? मंग फोटोवर कायचे पैसे टाकता?

गाडी पाहाले गेला की चालू कराच्या आंधी इंजिनले हात लाव. गरम लागलं त समज, तू याच्या आंधीच त्यानं चालू करून ठेवली. थंड्या गाडीची खोट लपत नाही. म्हनून सकायीच जाजो. मांगून निळा धूर आला त ते ऑइल खाऊन राह्यली, तिच्या नादी लागू नको.

तुह्या इंजिनचं गिऱ्हाईक खरं असन त वावरात येईन, पट्टा लावाले सांगीन, पानी कसं फेकते ते पाहीन, अन् मंग भाव पाडीन. जो भाव पाडत नाही त्याले इंजिन घ्याचंच नाही. बाबाले सांग काकानं सांगतलं म्हून.

वाशिमचा_गॅरेजवाला
काकांनी गाडीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. खेड्यात लोक गाडी छान पाहतात, पण कागद "नंतर करू" म्हणून राहतात.

आरसी पुस्तक किंवा कार्ड ज्याच्या नावावर आहे तोच समोर हवा. "भावाची आहे, मित्राची आहे" चालणार नाही. गाडीचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाका. गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विमा किती दिवस आहे, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. थकलेली चलानंही पाहून घ्या. मग चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. कंपनीनुसार जागा वेगळी असते, चिखल पुसा आणि आरसीवरच्या आकड्यांशी एकेक आकडा जुळवा. आकडे घासलेले दिसले, एखादा आकडा वरखाली दिसला, तर तिथूनच परत फिरा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, आणि तुम्हाला माहीत नव्हतं हे पटवायला ठाण्याच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतात.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आपल्याकडे ही अडचण फार, मुलगा वडिलांची गाडी तशीच विकून मोकळा होतो. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विकणाऱ्यांनाही सांगतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. नोंदीत नाव तुमचं राहिलं आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच म्हटलं आहे. म्हणून गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

धारणीकडची
भाऊ, बहिणीसाठी घेताय म्हणून लिहिते. मी शिलाई मशीन आणि कपाट असंच मोबाइलवरून विकलं. अनोळखी माणसाला घरचा पत्ता दिला नाही. मशीन बचत गटाच्या खोलीवर नेऊन ठेवलं, तिथे गटातल्या बाया होत्या. छोटी वस्तू असेल तर बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर भेटा. जाहिरातीत घराचं दार, गाडीचा नंबर, लेकरं दिसतील असे फोटो टाकू नका. आधारचा फोटो कोणी मागितला तर देऊ नका, फारच गरज पडली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

जुना मोबाइल कोणी घेत असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर पाहा. मग इंग्रजीत केवायएम (KYM), मोकळी जागा आणि तो १५ आकडी नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. हँडसेट ब्लॉक केलेला असेल तर कळतं. आमच्या डोंगरात रेंज नसते, त्यामुळे हे काम रेंजच्या गावातच, पैसे देण्याआधी करायचं.

पुसदचा_मास्तर
कोणाचे पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. लाजून दोन दिवस घरात बसू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, ते निघून जाण्याआधी तक्रार पोचली तर बँक ती रक्कम थोपवू शकते. फोन करताना खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर जवळ ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी.

आमच्या शाळेतल्या एका पालकाचे पैसे असेच गेले. त्यांनी मदतीसाठी फेसबुकवर लिहिलं, तर खाली "मी पैसे परत काढून देतो, फी भरा" म्हणणारे आले. तेही त्याच टोळीचे समजा. कोणत्याही कंपनीचा हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका, तिच्या ॲपमधूनच घ्या.

दारव्हेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. फौजीला पुलगाव स्टेशनवर भेटू म्हटलं. आधी चिडला, "देशाच्या जवानावर विश्वास नाही का" म्हणाला, मग मला ब्लॉक केलं. ॲपवर त्या जाहिरातीची तक्रार केली. क्यूआरवाल्याला म्हटलं वावरात या, इंजिन चालवून दाखवतो. फोन कट. काका, बाबांना तुमचा निरोप वाचून दाखवला, त्यांना पटलं.

आता नेरला एक स्कूटी सापडली आहे. ३८ हजार म्हणतात, मालकीण शिक्षिका आहेत, आरसी त्यांच्याच नावावर, एमएच २९ पासिंग. कर्ज फिटलंय म्हणतात, पण ॲपवर बोजा अजून दिसतो. घ्यावी का?

वाशिमचा_गॅरेजवाला
बोजा दिसतो म्हणजे आरटीओत तो उतरवलेला नाही. हप्ते फिटले तरी आपोआप निघतोच असं नाही, त्यामुळे ताई खोटं बोलत असतील असं समजू नका. त्यांना बँकेतून एनओसी आणि फॉर्म ३५ आणायला सांगा. एनओसीची तारीख पाहा, फार जुनी असली तर नवीन मागा. तोवर इसार द्यायचाच असेल तर थोडा द्या, त्यांच्या खात्यात द्या, आणि कागदावर लिहा की बोजा न उतरल्यास परत. विमा आपल्या नावावर करायचा अर्जही गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्या, बहीण रोज हायवेवर चालवणार आहे.

बापूराव_काका
अन् नेरले जाशीन त सकायीच जाजो. बहिनीले संग ने, तिचे पाय टेकते का ते पाय.