विषय: शनिवारी एनईसीला बाइकवरून कोण येतंय?

सोमवार, रात्री ९.४०

काका, नमस्कार.
गणपतीत ओळख झाली होती. आरतीला झांजा वाजवत होतो, तो मी. शनिवारी एनईसीला, म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रदर्शन केंद्रात, ‘मोटरसायकल लाइव्ह’ हा बाइकचा शो बघायला यायची फार इच्छा आहे, पण माझी सव्वाशे सीसीची होंडा, मागेपुढे शिकाऊचा लाल ‘एल’. इंग्लंडला येऊन दीड वर्ष झालं, त्यामुळे पुण्याचं लायसन्स इथे बाद. सध्या नुसत्या सीबीटीवर (शिकाऊंच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या दाखल्यावर) आहे, म्हणजे मोटरवे वर्ज्य. तुम्ही एम-४०ने जाणार. मी ट्रेनने येऊन तिथेच भेटू का?
– झांजवाला

सोमवार, रात्री ११.०५

दारात गाडी असताना ट्रेन कसली? एम-४० बर्मिंगहॅमपर्यंत पोचला १९९१ साली. त्याआधीचा जुना रस्ता, ए-४१, अजून जागेवर आहे, बिस्टरच्या पुढे त्याला बी-४१०० म्हणतात एवढंच. बॅनबरी, गेडन, वॉरिक करत सगळेच तिकडून जाऊ. तासभर जास्त लागेल, लागू दे.
थंडी मात्र मनावर घे. हवा ३ अंश असली तरी ताशी ६० मैलांच्या वेगात अंगाला उणे ६ लागते. जीन्सवर येऊ नकोस. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाल. हसू नकोस, आम्ही महाबळेश्वरला असेच जायचो. हेल्मेटच्या व्हायझरला आतून पिनलॉक (वाफ न धरणारी काच) बसव, नाहीतर स्वतःच्याच श्वासाने आंधळा होशील. निघायचं आठला, नीट उजाडल्यावर. झाडांखालच्या वळणांवर दव गोठलेलं असतं आणि ते दिसत नाही.
– काका (रॉयल एनफील्ड इंटरसेप्टरवाले)

रविवार, दुपारी १२.२०

मंडळी,
तिघे गेलो, तिघे धड परतलो. नाव दिलेले बाकीचे चौघे हवामानाचा अंदाज बघून कारने आले. हीटर लावून.

बॅनबरीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबलो, तर आमच्या झांजवाल्याला हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. बोटं लाकूड झालेली. मी सोडवला, तर आतून निघाली माकडटोपी! आईने पुण्याहून पाठवलेली, चॉकलेटी, वर गोंडा. त्या गोंड्याने हेल्मेट बोटभर वर उचललेलं आणि सगळा वारा हनुवटीखालून आत. असं सैल हेल्मेट घालून हा दीड तास चालवत होता. काका जे काही बोलले ते इथे लिहिता येत नाही. पंपावरच्या बाईकडून कात्री मागून गोंडा तिथेच उडवला. मग दुकानातून भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घेतले, सगळ्यात मोठ्या मापाचे, आणि त्याच्या हातमोज्यांवर ओढूनताणून चढवले. वारा बंद! एनईसीच्या पार्किंगमध्ये कातडी सूटवाल्यांच्या गर्दीत तो पिवळे पंजे घेऊन उतरला, तेव्हा दोघांनी फोटो मागितला.

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या स्टँडवर स्पीड ४०० वर बसायला रांग होती. ही बनते चाकणला, बजाजच्या कारखान्यात. झांजवाला भोसरीत वाढलेला, म्हणजे घराजवळची गाडी बघायला हा शंभर मैल गारठत आला. माझी तीच गाडी तेव्हा बाहेर, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून टाकतात त्या मिठाने पांढरी होऊन उभी होती.

काका रॉयल एनफील्डपाशी जे अडकले ते तासभर हलेनात. कंपनी मूळची तिथून वीसेक मैलांवरच्या रेडिचची. तिथला कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, बुलेट मात्र मद्रासला बनत राहिली. दुसरी जुनी ब्रिटिश बाइक कंपनी बीएसए, बर्मिंगहॅमच्याच स्मॉल हीथची, आता महिंद्रांच्या गोटात. तशीच नॉर्टन, २०२० पासून टीव्हीएसकडे. काकांनी हे सगळं स्टँडवरच्या एका गोऱ्या पोराला ऐकवलं. तो बिचारा ‘येस सर, येस सर’ करत राहिला.

चारला अंधार पडला. परतीचं फार सांगण्यासारखं नाही. थंडी, मिट्ट काळोख, समोरच्यांचे दिवे डोळ्यांत, आणि काकांच्या डब्यातली थालीपिठं गेडनजवळ एका बस थांब्यावर उभ्यानेच.

ज्यांनी गाडी अजून धुतली नाही त्यांनी आज धुवा. गार पाण्यानेच, गरम पाण्याने मीठ जास्त चावतं.
– ताई, स्लाऊ

रविवार, दुपारी २.१०

वृत्तांत छान. दिवाळीच्या फराळाचे अकरा रिकामे डबे अजून हॉलच्या कपाटात आहेत. कोणत्याही वाहनाने येऊन न्यावेत.
– चिटणीस

रविवार, संध्याकाळी ६.३०

ताई, पिवळ्या हातमोज्यांचे पैसे किती झाले ते कळवा. आईला शोचे चाळीस फोटो पाठवले. तिकडून एकच उत्तर आलं: ‘गोंडा कुठाय?’
– झांजवाला