शॅम्पेन-अर्बाना की ॲन आर्बर? तिघांच्या संसारासाठी सल्ला हवा

सांगलीकरीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, अमेरिकेतल्या दोन ठिकाणांहून पत्रं आली आहेत. एक इलिनॉय विद्यापीठ, म्हणजे शॅम्पेन-अर्बाना. दुसरं मिशिगन विद्यापीठ, म्हणजे ॲन आर्बर. त्याच्या मते दोन्ही प्रयोगशाळा तोडीस तोड, पगारही उन्नीस-बीस, व्हिसा दोन्हीकडे जे-१ (संशोधकांना देतात तो), मुलाला आणि मला त्याच्यासोबतचा जे-२. त्यामुळे स्वारी म्हणते, "तू ठरव." म्हणजे पुढे काही बिनसलं तर कोणाच्या नावाने खडे फोडायचे ते आत्ताच ठरलंय.

मुलगा सहा वर्षांचा. मी इथे शाळेत गणित शिकवते, तिथे पहिले काही महिने तरी घरीच असेन. मला स्कूटर येते, चारचाकी नाही. विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या नकोत, त्या पाठ झाल्यात. फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे माणूस काय करतो, भाजी कुठून आणतो, कोणाशी बोलतो, ते सांगा.

कणसातला_दाणा
ताई, शॅम्पेन-अर्बानात सहा वर्षं काढली. नाव ऐकून आमच्या सासूबाईंनी "दारूच्या नावाचं गाव?" म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. प्रत्यक्षात ती दोन जोडगावं आहेत, मधे विद्यापीठ, आणि गाव संपलं की मका आणि सोयाबीन, थेट क्षितिजापर्यंत. डोंगर नाही, टेकाड नाही. आमचं मूळ गाव यवतमाळकडचं, शॅम्पेनची काळी माती बघून वडिलांनी मूठभर उचलून वास घेतला होता. विद्यापीठाच्या ऐन मध्यावर मोरो प्लॉट्स नावाचं मक्याचं प्रायोगिक शेत आहे, १८७६ पासूनचं. शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलंय. पिकावर सावली पडू नये म्हणून, असं तिथला प्रत्येक जण पाहुण्याला सांगतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात: बस. तिथली बससेवा त्या आकाराच्या अमेरिकन गावात सहसा सापडत नाही. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर नवऱ्याला फुकट, आणि तुमचा वर्षाचा पास शंभर डॉलरच्या आत. माझी बायको पहिली दोन वर्षं गाडीशिवाय राहिली. बसने वाचनालय, बसने किराणा, बसने दवाखाना. फेब्रुवारीतल्या मंगळवारी वारा मात्र असा सुटतो की थांब्यावर उभं राहून डोळ्यांतून पाणी येतं. शेतांवरून अडवायला काही नाही ना.

हो, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजला तर घाबरू नका. चक्रीवादळाच्या सूचनेची ती चाचणी असते. बायको पहिल्या वेळी मुलाला घेऊन न्हाणीघरात जाऊन बसली होती.

निळी_छत्री
ॲन आर्बर. डोळे झाकून.

नदी आहे, झाडी आहे, चढउतार आहेत, आणि गावाला विद्यापीठापलीकडे स्वतःचा जीव आहे. डाउनटाउन चालत फिरता येतं. केरीटाउनचा शेतकरी बाजार बुधवारी आणि शनिवारी, जानेवारी ते एप्रिल फक्त शनिवारी. सहा वर्षांच्या मुलासाठी तर दुकानांच्या भिंतींत तळाशी बसवलेली वीतभर उंचीची परीची दारं आहेत, ती शोधत हिंडण्यात आमच्या लेकीचे कित्येक शनिवार गेले. वाचनालय पुस्तकांबरोबर दुर्बिणी आणि वाद्यंही घरी नेऊ देतं. मंगळवारी अकरा वाजता मी तिथेच सापडायचे.

आणि विमानतळ! डेट्रॉइटचा मोठा विमानतळ साधारण ४० किलोमीटरवर. आईबाबा आले तर ॲमस्टरडॅमला एकदा विमान बदलून थेट तिथे उतरतात. शॅम्पेनला आधी शिकागो, मग बसमध्ये तीनेक तास. सत्तरीच्या माणसांना हे करायला लावून बघा.

हिशेबी
छत्रीताई, भाडं सांगायचं राहिलं वाटतं? :)

पोस्टडॉकच्या एका पगारात तिघं. ॲन आर्बरात दोन बेडरूमच्या घराला शॅम्पेनच्या दीडपट तरी धरा, विद्यापीठाजवळ हवं तर त्याहून जास्त. शेजारच्या इप्सिलँटीत स्वस्त पडतं, पण मग गाडी आली. आणि मिशिगनमध्ये गाडीचा विमा बघून गाडी विकावीशी वाटते. मिशिगनच्या बाजूने एकच: विक्रीकर सरसकट ६ टक्के, शॅम्पेनला ९ च्या आसपास. पण त्यातून वाचणाऱ्या पैशात भाड्याचा फरक भरून निघणार नाही.

उंबरठा
मी दोन्हीकडे राहिलेय. अर्बानात चार वर्षं, नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ॲन आर्बरात पाच. जे-२ म्हणूनच गेले होते, त्यामुळे तुमच्या जागी मी होते असं समजा.

अर्बानात पहिल्या हिवाळ्यात मला रडू यायचं. चारनंतर अंधारायला लागायचं, बाहेर पांढरं आणि करडं. पण गाव लहान असल्याने महिन्याभरात बसचालक ओळखायला लागला, वाचनालयातल्या बाईंनी मुलाचं नाव लक्षात ठेवलं, आणि आमच्या वसाहतीत कोरियन, इराणी, ब्राझिलियन अशा माझ्यासारख्याच घरी बसलेल्या आठ-दहा जणी होत्या. कोणालाच गाडी नव्हती, म्हणून सगळ्या एकत्र जायचो. माझी तिथली मैत्री गाडी नसल्यामुळे झाली, हे मला नंतर कळलं.

ॲन आर्बर जास्त सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. जूनच्या सुरुवातीला निकल्स आर्बोरीटममध्ये पिओनी फुलतात तेव्हा पाय निघत नाही. पण तिथे मी पाहुण्यासारखी राहिले. मराठी मंडळी भरपूर, पण ती कँटन आणि नोव्हायला, म्हणजे डेट्रॉइटच्या बाजूच्या उपनगरांत. गणपती, दिवाळी, मुलांची मराठी शाळा, सगळं दणक्यात, फक्त गाडी चालवत जा. चांगलं भारतीय वाणसामानही तिकडेच. अर्बानात गणपती म्हणजे विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमध्ये, आरतीला चप्पल ठेवायला जागा नाही, आणि मोदक करणारी मी एकटीच. तीन वर्षं मोदक मीच केले, पहिल्या वर्षीचे फुटले.

किराणा: अर्बाना-शॅम्पेनमध्ये छोटी भारतीय दुकानं आहेत. डाळी, पीठ, मसाले मिळतात, भाजी बेतास बात. दोन-तीन महिन्यांनी कोणी शिकागोला डेव्हन अव्हेन्यूला, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्याला, निघालं की यादी द्यायची. मे ते ऑक्टोबर अर्बानाचा शनिवारचा बाजार असतो. ऑगस्टमध्ये तिथे कोवळी भेंडी मिळाली की मी फोनवर आईला सांगायचे. फोनवरून आठवलं: थंडीत शॅम्पेनला रात्री साडेआठ म्हणजे भारतात सकाळी आठ. जेवण आटोपून निवांत बोलता येतं. ॲन आर्बरात रात्री साडेआठला भारतात सातच वाजलेले, आईची पाण्याची गडबड.

बर्फ ॲन आर्बरात जवळजवळ दुप्पट, आणि ढग हटता हटत नाहीत. ते गाव पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्यात पार पश्चिमेला आहे. डिसेंबर अखेरीस सूर्य आठला उगवतो, शाळेची बस अंधारात. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड, मुलं झोपत नाहीत.

निळी_छत्री
उंबरठा, पटलं, पण मुलाचं काय? अर्बानात शनिवारी दुपारी करायचं काय?

कणसातला_दाणा
मेडोब्रुक पार्क. माणसापेक्षा उंच गवतातून चालायचं, मधे मधे शिल्पं. ऑक्टोबरात रात्री दिवे लावून कापणीची यंत्रं फिरतात, ती बघायला आम्ही मुलाला मुद्दाम न्यायचो. शिकागोला थेट रेल्वे आहे. ॲन आर्बरात शनिवारी काय होतं तेही सांगा की, एक लाख सात हजारांचं फुटबॉल स्टेडियम भरल्यावर :)

निळी_छत्री
मान्य. सामन्याच्या शनिवारी लोक अंगणात गाड्या लावून पैसे कमावतात आणि बाकीचे अडकतात. उपाय सोपा: सामना सुरू झाला की किराण्याला जायचं, दुकान रिकामं. आणि गाडी नसेल तर विद्यापीठाच्या निळ्या बसमध्ये ओळखपत्र कोणी विचारत नाही, हे लिहायचं राहिलं. फक्त ती विद्यापीठाभोवतीच फिरते.

सांगलीकरीण
सगळ्यांचे खूप आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, मोदकांपाशी तो हसला, मी नाही हसले. मन अर्बानाकडे झुकतंय. दोन शंका. जे-२ वर मला काम करता येईल का? आणि आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचतोय, घर आधी ठरवावं की जाऊन बघून?

उंबरठा
काम करता येतं, पण तिथे पोचल्यावर परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मंजुरीला काही महिने जातात. पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

घर आधीच ठरवा. तिथली बरीचशी लीज ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात आणि त्याच सुमारास संपतात. जुना भाडेकरू निघून नवा आत येईपर्यंत चार-पाच दिवस अर्धं गाव बिनघरचं असतं. आम्ही एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये सहा रात्री काढल्या. तेव्हा सही करण्याआधी ताबा नेमका कोणत्या तारखेला, ते लेखी घ्या, आणि तुमची तिकिटं त्यानंतरची काढा. पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. आमच्या गालिच्यावर आधीपासूनच डाग होते, पण फोटो नव्हते, डिपॉझिटमधून कापले गेले.

त्या आठवड्यात लोक टेबलं, खुर्च्या, पुस्तकांची कपाटं रस्त्याकडेला ठेवून जातात. बिनधास्त उचला. गादी आणि सोफा मात्र फुकट मिळाला तरी नको, ढेकूण येतात.